कोणालाही न विचारता

शाळेच्या मैदानावर सहज घेता येईल असा एक खेळ आहे. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि त्याला सांगायचे : झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून २० पावले चाल, उजवीकडे काटकोनात वळ, १५ पावले चाल, परत उजवीकडे वळ, असे चारदा झाले की थांब आणि आता तू मैदानात कुठे आहेस ते सांग. बाकीच्या मुलांनी अजिबात बोलायचे नाही. (हेच सर्वांत अवघड!) आम्ही हा खेळ अनेकदा घेतला आहे. पहिल्या वळणापर्यंत मूल बहुधा बरोबर असते. तिसऱ्या वळणानंतर ते भलतीकडेच निघालेले असते. चार-पाच मुलांचे पाहून झाले की वर्गातलेच कोणीतरी म्हणते, ‘‘सर, पावलांत चूक कमी होतेय, वळण्यात जास्त होतेय.’’ निरीक्षण अगदी योग्य आहे. ९० ऐवजी ८० अंशांत वळलेले मूल पुढच्या प्रत्येक पावलाबरोबर त्या दहा अंशांचे व्याज भरत राहते.

या मुलाच्या जागी आता समुद्राखालची पाणबुडी ठेवू. तिला तारे दिसत नाहीत, किनारा दिसत नाही, रेडिओ लहरी खोल पाण्यात पोचत नाहीत. वर येऊन पाहावे तर शत्रूला आपला ठावठिकाणा कळतो. तिने आपली जागा ओळखायची तर कोणालाही न विचारता, केवळ स्वतःच्या हालचालींचा हिशेब ठेवून. या तंत्राला जडत्वीय मार्गनिर्देशन, म्हणजेच इनर्शियल नॅव्हिगेशन म्हणतात. आज ते विमानात आहे, अग्निबाणात आहे, तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनमध्येही त्याचे छोटे भावंड आहे. पण त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत पुढे येते. जवळजवळ प्रत्येक वळणावर या तंत्रासाठी पैसे मोजणारा ग्राहक लष्कर हा होता. असे का झाले, आणि त्या ग्राहकाने यंत्राला कसा आकार दिला, ते या लेखात पाहू.

आधी तत्त्व समजून घेऊ. एस.टी.त उभे असताना चालकाने ब्रेक दाबला की आपण पुढे झुकतो. डोळे मिटलेले असले तरी गाडीचा वेग बदलला हे कळते. हे जडत्व. स्प्रिंगला बांधलेले एक वजन घेतले आणि ते किती सरकते हे मोजले, की झाला त्वरणमापक. दर क्षणाच्या त्वरणाची बेरीज करत गेले की वेग मिळतो, वेगाची बेरीज करत गेले की कापलेले अंतर मिळते. नववीतल्या गतीच्या समीकरणांपलीकडे यात काही नाही. प्रश्न फक्त दिशेचा उरतो. गाडी वळली तर आपला त्वरणमापकही वळणार. म्हणून सोबत काहीतरी असे हवे की जे स्वतःची दिशा सोडत नाही. वेगाने फिरणारा भोवरा हे काम करतो. फ्रान्सच्या फूको यांनी १८५२ मध्ये असा भोवरा चौकटींत बसवून पृथ्वीचे परिवलन दाखवले आणि त्याला ‘जायरोस्कोप’ हे नाव दिले.

तत्त्व असे साधे. आता आकडे पाहू, कारण अडचण तिथे आहे. त्वरणमापकात गुरुत्वत्वरणाच्या फक्त दहाहजाराव्या भागाइतकी कायमची चूक आहे असे धरा. s = ½at² या सूत्रात घालून मुलांनाच गणित करू द्या : एका तासात ही चूक सहा किलोमीटरांच्या वर जाते. जायरोस्कोपचेही तसेच. त्याची दिशा तासाला अंशाच्या शंभराव्या भागाने जरी सरकली, तरी पृथ्वीवर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल असल्याने तासाला अर्ध्या मैलाहून अधिक चूक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे या जायरोस्कोपची ‘घसरण’ पृथ्वीच्या फिरण्याच्या दीड हजाराव्या भागापेक्षा जास्त चालणार नाही. इतके काटेकोर यंत्र बनवायला अफाट पैसा लागतो, आणि तो कोणीतरी द्यावा लागतो.

पहिली मागणी गंमत म्हणजे एका ध्रुवयात्रेच्या स्वप्नातून आली. जर्मनीतील हेरमान आन्शुट्झ-केम्फे यांना पाणबुडीतून बर्फाखालून उत्तर ध्रुवावर जायचे होते. पोलादी पाणबुडीत चुंबकीय होकायंत्र बिघडते, ध्रुवाजवळ तर ते निरुपयोगीच. म्हणून त्यांनी भोवऱ्याचे होकायंत्र बनवायला घेतले आणि १९०५ मध्ये कील बंदरात कंपनी काढली. ध्रुवयात्रा बाजूला राहिली. पोलादी चिलखताच्या, मोठाल्या तोफांच्या युद्धनौकांना नेमका हाच त्रास होता, आणि जर्मन नौदल त्यांचे गिऱ्हाईक झाले. १९०८ मध्ये ‘डॉइचलँड’ या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी १९१० मध्ये कंपनी काढून तेथील नौदलाला आपले यंत्र देऊ केले. दोघांचे पेटंटवरून भांडण न्यायालयात गेले तेव्हा तज्ज्ञ म्हणून ज्यांना बोलावले गेले ते होते अल्बर्ट आईनस्टाइन! पेटंट कचेरीतला त्यांचा अनुभव तेथे उपयोगी पडला. त्यांचे मत शेवटी आन्शुट्झ यांच्या बाजूने गेले.

या कंपनीतच आन्शुट्झ यांचे नातलग माक्स शूलर काम करत. त्यांनी १९२३ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. ओळंबा खाली दाखवतो तो स्थिर खोलीत. धावत्या गाडीत तो मागे-पुढे झुकतो. मग कुठल्याही हालचालीने न झुकणारा ओळंबा असू शकेल काय? शूलर म्हणाले, त्याची दोरी पृथ्वीच्या त्रिज्येइतकी लांब हवी. मग लोलक पृथ्वीच्या केंद्राशीच राहील आणि वरचे टोक कुठेही नेले तरी दोरी नेहमी केंद्राकडेच, म्हणजे खालीच रोखलेली असेल. त्याचा आंदोलनकाल काढून पाहा, तो ८४.४ मिनिटे येतो. असा ओळंबा कोणी बांधू शकत नाही, हे उघड आहे. पण भोवऱ्याच्या यंत्रणेला तसे वागायला लावता येते. ही कल्पना नंतर फार महत्त्वाची ठरली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्ही-२ हे क्षेपणास्त्र बनवले. ८ सप्टेंबर १९४४ रोजी त्याने लंडनवर पहिला मारा केला. त्यातले जायरोस्कोप दिशा सांभाळत, आणि त्वरणाची बेरीज करणारे एक उपकरण ठरलेला वेग आला की इंजिन बंद करी. पुढे ते भिरकावलेल्या दगडासारखे जाई. चूक कित्येक किलोमीटरांची. एखादे मोठे शहर सोडून दुसऱ्या कशावर त्याचा नेम धरण्यात अर्थ नव्हता. हे क्षेपणास्त्र डोरा छळछावणीच्या भुयारांत कैद्यांकडून बनवून घेतले गेले. त्याच्या माऱ्याने जेवढी माणसे मेली त्याहून अधिक ते बनवताना मेली. जडत्वीय मार्गनिर्देशनाच्या पाठ्यपुस्तकांत व्ही-२ चे चित्र असते, या कैद्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

युद्धानंतरची गोष्ट मुख्यतः चार्ल्स स्टार्क ड्रेपर या माणसाभोवती फिरते. पदवी मानसशास्त्राची, पण पुढे एम.आय.टी.त जाऊन ते उपकरणांच्या नादी लागले. युद्धात त्यांनी जहाजांवरील विमानवेधी तोफांसाठी जायरोस्कोपचा नेमदर्शक बनवला होता, त्यामुळे लष्करात वजन होते. त्यांनी अमेरिकन हवाई दलाला सांगितले, बाहेरून कसलीही मदत न घेता विमान देशभर नेऊन दाखवतो. यावर आक्षेप घेतला तो प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव यांनी. आक्षेप आईनस्टाइनच्या लिफ्टचाच होता. बंद खोलीतल्या त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक कळू शकत नाही. मग विमान पुढे ढकलले जाते आहे की यंत्राची बैठक थोडी कलली आहे, हे आत बसून ठरवणार कसे? ‘खाली’ कुठे हे माहीत नसेल तर बाकी सगळा हिशेब व्यर्थ.

आक्षेप चुकीचा नव्हता. उत्तर मात्र शूलर यांनी देऊन ठेवले होते. विमान जितके पुढे गेले असे यंत्राला वाटते, त्याला पृथ्वीच्या त्रिज्येने भागायचे आणि तेवढ्या कोनातून बैठक वळवायची. मग बैठक त्या अशक्य ओळंब्याप्रमाणे वागते. चूक झालीच तर ती वाढत न जाता ८४ मिनिटांच्या झोक्यात मागे-पुढे होते. मघाशी काढलेली त्वरणमापकाची सहा किलोमीटरांची चूक या युक्तीने सव्वा किलोमीटरच्या आसपास जाऊन परत फिरते. (जायरोस्कोपची घसरण मात्र याने आटोक्यात येत नाही, ती वाढतच राहते.) घर्षण कमी करण्यासाठी ड्रेपर यांनी जायरोस्कोपची डबी दाट द्रवात तरंगत ठेवली. ८ फेब्रुवारी १९५३ रोजी बी-२९ जातीचे विमान मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डहून निघाले. पोटात सव्वा टन वजनाचे यंत्र. सुमारे बारा तासांनी ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसजवळ, काही मैलांच्या चुकीने पोचले. ड्रेपर स्वतः विमानात होते. शंका घेणाऱ्या मंडळींचा मोठा भाग एका गुप्त परिषदेसाठी तिथेच जमलेला होता. हा योगायोग नसावा.

आता ग्राहकाकडे वळू. प्रवासी विमानाला किंवा मालवाहू जहाजाला तारे आणि रेडिओ पुरेसे होते. रस्ता विचारायला त्यांना काय हरकत? न विचारता रस्ता शोधण्याची गरज त्यालाच, ज्याचे विचारणे कोणी ऐकेल किंवा ज्याला मुद्दाम खोटे उत्तर दिले जाईल. म्हणून १९५० च्या दशकात या महाग यंत्राला एकच बाजार होता. नाव्हाहो या क्षेपणास्त्रासाठी बनवलेले यंत्र, तो प्रकल्प १९५७ मध्ये गुंडाळला गेल्यावर, ‘नॉटिलस’ या अणुपाणबुडीत बसवले गेले. ३ ऑगस्ट १९५८ रोजी ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. आन्शुट्झ यांचे स्वप्न असे पुरे झाले, पण शीतयुद्धातल्या नौदलाच्या खर्चाने. दोन वर्षांनी पोलारिस क्षेपणास्त्रे घेऊन पाणबुड्या समुद्रात उतरल्या. क्षेपणास्त्राने नेमके जायचे तर पाणबुडीला आधी आपण कुठून निघतो हे ठाऊक हवे. त्यासाठी जडत्वीय यंत्रे होतीच; पण १९६४ पासून ‘ट्रान्झिट’ उपग्रहांकडून मधूनमधून चूक दुरुस्त करून घेतली जाई. डोळ्यांवरचा रुमाल क्षणभर वर करण्यासारखेच हे होते.

एडिंबरोचे समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेंझी यांनी १९९० मध्ये ‘इन्व्हेंटिंग ॲक्युरसी’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा आम्हाला पटतो. यंत्रे आपोआप, निसर्गक्रमाने अचूक होत जातात असे आपण समजतो. तसे होत नाही. नौदलाला शहराएवढे लक्ष्य धरायचे होते, त्याला मैलाची चूक चालत होती. हवाई दलाला शत्रूची जमिनीत पुरलेली, काँक्रीटने झाकलेली क्षेपणास्त्रे फोडायची होती, त्याला मीटरांतला हिशेब हवा होता. मिनिटमन क्षेपणास्त्रातले जायरोस्कोप वायूच्या पातळ थरावर वर्षानुवर्षे न थांबता फिरत ठेवले जात. १९८६ मध्ये तैनात झालेल्या पीसकीपर क्षेपणास्त्रात मार्गनिर्देशनाचा गोळा द्रवात संपूर्ण तरंगता होता, सुटे भाग सुमारे १९,००० आणि खंड ओलांडून गेल्यावर चूक शंभरेक मीटरांची. प्रवासी विमान कंपन्यांनी असे यंत्र कधी मागितले नाही. तासाला एक सागरी मैल एवढी चूक त्यांना पुरते, तेव्हाही आणि आताही. कुठली अचूकता शोधली जाणार हे आधी कोणाला काय फोडायचे आहे यावर ठरले.

हे ड्रेपर यांच्या विद्यापीठातल्या मुलांनाही दिसत होते. याच प्रयोगशाळेने अपोलो यानांना चंद्रावर नेणारी यंत्रणा बनवली होती (ड्रेपर यांनी स्वतः अंतराळवीर म्हणून जायची तयारी पत्राने कळवली होती). तरीही १९६९ च्या नोव्हेंबरात, माणूस चंद्रावर उतरल्यानंतर चारच महिन्यांनी, विद्यार्थ्यांनी तिच्या दारात निदर्शने केली. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि प्रयोगशाळेतले मोठे काम क्षेपणास्त्रांचे होते. १९७३ मध्ये विद्यापीठाने ती वेगळी काढली. वेगळी झाल्यावर तिचे लष्करी काम थांबले नाही.

लष्करासाठी बनलेले तंत्र नागरी वापरात आले ते जम्बो जेटबरोबर. जानेवारी १९७० मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७ मध्ये जडत्वीय यंत्रांचे तीन संच होते, आणि तारे पाहून दिशा सांगणाऱ्या मार्गदर्शकाची खुर्ची विमानातून गेली. १ सप्टेंबर १९८३ रोजी असेच तीन संच असलेले कोरियन एअर लाइन्सचे विमान अलास्काहून सोलकडे जाताना शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. यंत्रे बिघडली नव्हती. पुढच्या चौकशीचा निष्कर्ष असा की स्वयंचालक एकाच दिशेने विमान नेत राहिला, जडत्वीय यंत्राशी तो जोडलाच गेला नव्हता, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. या घटनेनंतर अमेरिकेने आपली जी.पी.एस. ही लष्करी उपग्रहयंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले.

मधल्या काळात भोवराही गेला. फ्रान्सच्या सान्याक यांनी १९१३ मध्ये दाखवले होते की फिरत्या वर्तुळात दोन उलट दिशांनी सोडलेल्या प्रकाशझोतांना सारखा वेळ लागत नाही. त्यांना वाटले आपण ईथर सिद्ध केला! ईथर राहिला बाजूला, पण १९६३ मध्ये लेसर वापरून याच परिणामावर जायरोस्कोप बनला. फिरणारा भाग नाही, झिजणारी बेअरिंग नाही. बोइंग ७५७ आणि ७६७ मध्ये तो १९८२-८३ पासून प्रवाशांच्या सेवेत आला. नंतर प्रकाशतंतूंचे आणि सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या कणीएवढ्या पट्टीचे जायरोस्कोप आले. ही पट्टीच आपल्या फोनमध्ये असते. फोन आडवा केला की चित्र कसे वळले ते हिलाही कळते. आणि तिची भावंडे तोफेच्या गोळ्यातही असतात, जिथे सुटताना गुरुत्वत्वरणाच्या दहा हजार पटींहून अधिक धक्का सोसावा लागतो.

जी.पी.एस. १९९५ मध्ये पूर्ण कार्यान्वित झाली तेव्हा अनेकांना वाटले, जडत्वीय यंत्रांचे दिवस भरले. आकाशातून मीटरांत उत्तर मिळत असताना डोळे बांधून पावले कोण मोजणार? घडले उलटेच. अमेरिकेने साध्या बॉम्बला लावायचा जेडॅम नावाचा शेपटीचा संच बनवला आणि १९९९ मध्ये कोसोवोच्या युद्धात वापरला. त्यात दोन्ही आहेत. जी.पी.एस. मिळाली तर चूक काही मीटरांची. तो संदेश तुटला तर आतले जडत्वीय यंत्र एकट्याने पुढे नेते आणि १०० सेकंदांपर्यंतच्या प्रवासात ३० मीटरांची चूक धरलेली आहे. १०० सेकंदांसाठी महागडा तरंगता गोळा नको, स्वस्त यंत्र चालते. मिनिटमन क्षेपणास्त्रे एका वेळी हजारभर होती. जेडॅमचे संच पाच लाखांहून अधिक बनले आहेत. या बाजाराचा आकार इथे पार बदलला.

दुसरे कारण जी.पी.एस.च्या दुबळेपणात आहे. वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा तो संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की लहानसा प्रक्षेपकही त्याला बुडवतो किंवा खोटा संदेश मिसळतो. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात हे रोज घडते आहे. उपग्रहावर अवलंबून असलेले तोफगोळे तिथे नेम चुकू लागले. २०२४ च्या वसंतात फिनलंडच्या विमान कंपनीला एस्टोनियातील टार्टूची उड्डाणे महिनाभर थांबवावी लागली. आपल्याकडे अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा साडेचारशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. त्यामुळे प्रत्येक ड्रोनला, प्रत्येक गोळ्याला, न विचारता चालण्याची ताकद हवी झाली आहे. कंपन्या एकमेकींना विकत घेत आहेत : लिटन २००१ मध्ये नॉर्थ्रोप ग्रुमनकडे गेली, इटलीची सिव्हिटानावी २०२४ मध्ये हनीवेलकडे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी अतिशीत अणूंच्या लहरी वापरून त्वरण मोजणाऱ्या यंत्रणेची विमानात चाचणी झाली.

विकत घेणे मात्र कोणालाही शक्य नसते. १९८७ मध्ये सात देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंधने घातली, त्या यादीत जायरोस्कोपची घसरण आकड्याने लिहिलेली आहे : तासाला अर्ध्या अंशापेक्षा कमी असेल तर परवानगीशिवाय देता येणार नाही. भारत तेव्हा त्या यादीच्या बाहेरचा, म्हणजे ज्याला द्यायचे नाही त्यांपैकी एक होता (२०१६ मध्ये तो त्या गटात सामील झाला). तिरुवनंतपुरमच्या इस्रोच्या जडत्वीय प्रणाली केंद्रात आणि हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतमध्ये ही उपकरणे आपल्याच लोकांनी बनवली. १९८९ च्या अग्नीमागे ते काम होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ मध्येही लेसर जायरोस्कोप आणि त्वरणमापक होते. एकाच तंत्रातून दोन्ही गोष्टी निघतात. वर्गात चांद्रयानाचे चित्र लावताना अग्नीबद्दल प्रश्न आला, तर तो टाळू नये असे आम्हाला वाटते.

शेवटी एक प्रयोग. फोनमधल्या त्वरणमापकाचे आकडे दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोन टेबलावर स्थिर ठेवा आणि टेबलाला समांतर अशा एका दिशेचे आकडे मिनिटभर नोंदवा. टेबल अगदी सपाट आहे असे समजून त्यांची दोनदा बेरीज करायला मुलांना सांगा; फळ्यावर नाही जमले तर संगणकावर. फोन जागचा हललेला नाही हे सगळ्यांनी पाहिलेले असते. आम्ही केले तेव्हा आमचा फोन मिनिटभरात शाळेच्या फाटकाबाहेर पोचला होता. त्यातली किती चूक फोनची आणि किती टेबलाच्या कलण्याची, यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला.